उसनी आई

पद्मजा मगदूमचं प्रकरण लिहून झालं की ते छापखान्यात जात नसे, आधी शेडवर जाई.

तासगावच्या बाहेर बेदाण्याच्या शेडी आहेत. तिथं पट्ट्यावरून बेदाणा सरकत येतो. रंग, आकार, गोडी, सगळी निवड यंत्रानं आधीच केलेली असते. पण बेदाण्याच्या बुडाशी चिकटून राहिलेली केसाएवढी काडी यंत्राला अजून सापडत नाही. ती बाईच्या बोटालाच लागते. म्हणून आता, २०४३ सालीसुद्धा, पट्ट्याच्या दोन्ही अंगांना तीस बायका बसतात आणि काड्या खुडतात. त्यांच्यामधल्या रिकाम्या क्रेटवर बसून पद्मजा वाचायची. वाचताना नजर बायकांच्या तोंडाकडं नाही, बोटांकडं. तोंड काय, पाहुणीला बरं वाटावं म्हणूनही हसतं. बोटांना तेवढा शिष्टाचार ठाऊक नसतो. वाक्य नुसतंच नटलेलं असलं की बोटं भराभर चालायची. वाक्य लागलं की थबकायची.

"वहिनी, जरा वाईट लिवा की वो," रेश्मा मुल्लाणी म्हणायची. "तुमच्या गोष्टीपायी काड्या निघाल्या परदेशाला."

सहा वर्षं अशी गेली. सहा वर्षांत या बायकांचीच एक कादंबरी झाली. पद्मजाचं बालपण आईच्या आणि मावश्यांच्या जात्यावरच्या ओव्या ऐकत गेलेलं, त्यामुळं तिच्या गद्यालाही एक घरघर होती; वाक्य लांबत लांबत जायचं आणि शेवटी चटकन बसायचं. मात्र तिचा आवाज शाळेतल्या बाईंचा. वर्ग भरल्यासारखा वाटायचा. म्हणून घरी, ओट्यावर जमणाऱ्यांना वाचून दाखवायला तिनं नणंदेला बसवलं.

शांतक्का, तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. चौसष्ट वर्षांची. पंधरा वर्षांपूर्वी अथणीहून, नवऱ्याच्या माघारी, एका ट्रंकेनिशी माहेरी परतलेली. बाईनं जन्मात मोठ्यानं काही मागितलं नव्हतं. पण पान हातात घेऊन वाचू लागली की दारातली शेळीसुद्धा रवंथ थांबवायची. गुळाच्या पाकासारखा आवाज, जाड आणि सावकाश. भावजय लिही, नणंद वाची. गावात गंमत व्हायची. नणंदा-भावजयांची जुनी भांडणं, आणि ह्या दोघी एका पानावर!

त्या पानाचा वास एका कंपनीला लागला.

अनघा देशिंगकर सांगलीहून आली ती हातात एक चपटी डबी घेऊन. चाळिशीची, केस लहान कापलेले, बोलणं मवाळ. मेंदूच्या शास्त्रात तिनं डॉक्टरेट मिळवली होती आणि आता 'सत्त्वधारा' नावाच्या पिठाच्या कंपनीत होती. डबीत तांदळाच्या दाण्याएवढे डूल होते. कानाच्या पाळीला अडकवायचे.

"हे मूळचे हृदयाच्या रुग्णांसाठी निघाले," ती म्हणाली. "पाळीत बारीक रक्तवाहिनी असते. तिथून हा नाडी मोजतो, दोन ठोक्यांमधलं अंतर मोजतो, श्वासाची लय पकडतो. आणि यातूनच गोष्ट ऐकूही येते."

मग तिनं जे सांगितलं ते पद्मजा भान हरपून ऐकत राहिली. माणूस विश्वासाचा आवाज ऐकू लागला की त्याचा श्वास हळूहळू बोलणाऱ्याच्या श्वासाला जुळतो. लांब, लांब, लांब, आणि मग एक आखूड. त्या आखूड श्वासाच्या आधी दीड-दोन सेकंद मेंदूतला राखणदार पेंगतो. एरवी हा राखणदार मोठा चोख. आत येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला तो चिठ्ठी लावतो: हे अमक्यानं सांगितलं, तमक्या ठिकाणी, अमुक दिवशी. पण त्या दीड सेकंदात आलेल्या गोष्टीला चिठ्ठी लागत नाही. आणि ज्या आठवणीला चिठ्ठी नाही, ती माणसाला स्वतःचीच वाटते.

"आम्ही त्या क्षणाला उंबरा म्हणतो," अनघा म्हणाली. "डूल प्रत्येकीचा उंबरा ओळखतो आणि नेमकं तेव्हाच एक वाक्य सोडतो. बावीस भाषांतले लेखक आम्ही तपासले, ताई. सगळ्यात जास्त उंबरे तुमच्या पानांत आहेत. जात्यावर बसणाऱ्या बायकांना नाडीचं शास्त्र माहीत नव्हतं, पण त्यांनी ओवी त्याच मापानं घडवली. लांब ओळी, मग आखूड तुकडा. तुमच्या गद्यात ते माप उतरलंय."

आपल्या आईच्या घरघरीला कुणी विज्ञानाच्या खोलीत पाट मांडून बसवावं, याचा आनंद पद्मजाला लपवता आला नाही.

देणं-घेणं साधं होतं. शेडवरच्या बायकांना डूल फुकट, ते नाडी बिघडली तर आधी सांगणार. कादंबरी शांतक्काच्या आवाजात अकरा लाख कानांपर्यंत जाणार. पद्मजाला मानधन. बदल्यात एकेका प्रकरणात एकदा, उंबऱ्यावर, सत्त्वधारेचं नाव. पीठही काही वाईट नव्हतं. लोह घातलेलं, स्वच्छ, बायकांच्या अंगात रक्त वाढवणारं. आधी एका शेडवर एका प्रकरणाची चाचणी, मग करार.

आणि इथं पद्मजा चुकली. तिच्या आईनं तिला शिकवलं होतं: लग्नाची हळद दळायला बसलं की ज्याचं दळण, त्याचं नाव ओवीत घ्यायचं. फुकट दळू नये आणि नाव न घेता उठू नये. पद्मजाला वाटलं, डूल त्यांचे, म्हणजे दळण त्यांचं. एकदा नाव घेतलं तर काय बिघडलं? तिनं गोष्टीतल्या आईच्या तोंडी दोन ओळी घातल्या:

*तव्यावरल्या भाकरीला फुगा आला पुनवेचा*
*सत्त्वधारेचा पहिला घास माझ्या आईच्या हातचा*

शांतक्कानं त्या गाऊन दिल्या. "छान बसलंय गं," ती म्हणाली. "ऐकून भूक लागावी असं."

चाचणीच्या पंधराव्या दिवशी पद्मजा जेवणाच्या सुट्टीत शेडवर गेली. बायका गोलात बसून डबे सोडत होत्या. कानांत डूल चमकत होते. गिरिजा कुंभारनं तिला भाकरी आणि दोडक्याची भाजी पुढं केली. गिरिजा चाळिशीची, सडसडीत, बोलायला कमी. आज मात्र तिच्या तोंडावर दिवा लावल्यासारखं काहीतरी होतं.

"वहिनी, खाऊन बघा. त्या पिशवीतल्या पिठाची हाय."

"सत्त्वधारा?"

"व्हय. आमच्या घरात पयल्यापासनं हेच पीठ. आईच्या हातचा पयला घास ह्याच पिठाचा होता माझा."

"आमच्यातबी," रेश्मा म्हणाली. "अम्मी दुसरं पीठ घरात येऊ द्यायची न्हाई."

"माझी आईबी!" पलीकडून कुणीतरी.

पद्मजानं तोडलेला तुकडा हातातच राहिला. सत्त्वधारा कंपनी निघून तीन वर्षं झाली होती. रेश्माची अम्मी जाऊन दहा. आणि गिरिजा... गिरिजाची आई गिरिजा आठ दिवसांची असताना गेली होती. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. गिरिजालाही.

"गिरिजा," तिनं जपून विचारलं, "आई आठवते तुला?"

"कधी आठवत नव्हती, वहिनी. चाळीस वर्सं न्हाई." गिरिजा खाली बघून हसली. "आत्ता ह्या पंधरवड्यात आठवाय लागली. तव्याम्होरं बसल्या. भाकरी टम्म फुगल्या. माझ्याकडं बघून घास पुढं करत्या. आठ दिवसांच्या पोराला घास कोण देतंय, हे मलाबी कळतंय. पर दिसतंय त्याला काय करू? दिसतंय तर बघून घेते."

कुणी हसलं नाही. रेश्मानं गुपचूप तिच्या पानात लोणच्याची फोड टाकली.

पद्मजा तिथून उठली ती तडक सांगलीला.

अनघानं पडद्यावर आलेख उघडले, बघता बघता तिचा चेहरा उतरला. "नाव लक्षात राहील, आपुलकी वाटेल, एवढीच अपेक्षा होती. पण तुमच्या ओळीत 'माझ्या आईच्या हातचा' आहे. ओवीतली 'मी' म्हणजे जी ऐकते ती. चिठ्ठी नसलेली गोष्ट आणि त्यात 'माझी आई'... मेंदूनं ती आईच्या कप्प्यात नेऊन ठेवली. आणि गिरिजाताईंचा तो कप्पा रिकामाच होता."

"काढता येईल?"

"एक वाट आहे. आठवण काढली की ती थोडा वेळ मऊ होते, उन्हात ठेवलेल्या लोण्यासारखी. परत थिजायच्या आत तिला खरी चिठ्ठी लावता येते: हे तुला अमक्या गोष्टीतून मिळालं. पण पहिल्या तीन आठवड्यांत. आणि ज्या आवाजातून ती आत गेली त्याच आवाजानं सांगायला हवं. डूल लागत नाही त्याला. आवाज लागतो."

म्हणजे शांतक्का. आणि हातात सहा दिवस.

"आणि करार?" पद्मजानं विचारलं.

अनघानं आलेख मिटले. "वरचे लोक खूश आहेत, ताई. चाचणी त्यांच्या अपेक्षेपेक्षा... त्यांच्या भाषेत, यशस्वी झाली. शुक्रवारी सही आहे. कायद्याप्रमाणं प्रत्येक प्रकरणाच्या आधी 'हे प्रायोजित आहे' असं आम्ही सांगणारच आहोत."

"राखणदार जागा असताना सांगायचं, आणि तो पेंगला की आत शिरायचं."

पद्मजानं पिशवी उचलली आणि ती निघाली.

घरी शांतक्का परसात शेवग्याच्या शेंगा सोलत होती. पद्मजानं सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "मी सही करणार नाही, अक्का."

शांतक्काच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तू करणार न्हाईस. बरं. आणि मी?"

"अक्का, त्या बायकांच्या आया..."

"ऐकलं मी. बहिरी न्हाई अजून." आवाज चढला नव्हता, शांतक्काचा आवाज चढतच नसे, नुसता जड व्हायचा. "पद्मा, तुझं नाव पुस्तकावर येतं. पेपरात येतं. नाकारलंस तर नाकारल्याचंबी नाव होईल. 'बघा, मगदूमबाई बधल्या न्हाईत.' माझं काय? अथणीला पंचवीस वर्सं मी 'आले, जाते, वाढू का' ह्याच्यापुढं बोलले नव्हते. ह्या वयात कुणी म्हणालं, अक्का, तुमचा आवाज अकरा लाखांत नेतो. आणि तू एका शब्दात दार लावतेस. मला इचारलंसुद्धा न्हाईस."

ते खरं होतं. पद्मजाच्या मनात तिचं लेखन होतं, तिच्या बायका होत्या, तिचा शब्द होता. नणंदेचा आवाज तिनं स्वतःच्या दौतीतली शाई समजला होता.

"चुकले," ती म्हणाली. "आता विचारते. पण उद्या एकदा माझ्याबरोबर शेडवर चला. तिथं काय वाटतंय ते बघा. मग तुम्ही म्हणाल तसं."

"मी म्हणीन तसं?"

"तुम्ही म्हणाल तसं."

अक्का हो म्हणाली तर सही करावी लागणार होती, आणि सही केल्यावर आपण पुन्हा त्या क्रेटवर बसू शकणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं. पण शब्द देऊन झाला होता.

दुसऱ्या दिवशी शांतक्कानं ठेवणीतलं इरकल नेसलं. शेडवर तिचं स्वागत नवरीसारखं झालं. बायकांनी हा आवाज इतके दिवस कानातून ऐकला होता, तिला मात्र अनेकींनी वर्षानुवर्षांत पाहिलं नव्हतं.

"अगंबाई, ह्या व्हय शांतक्का! आवाजावरनं मला वाटलं लई जाडजूड असतील!" रेश्मा म्हणाली, आणि शांतक्का पदराआड मनसोक्त हसली. पद्मजानं तिला इतकं खुललेलं कधी पाहिलं नव्हतं. आपण हरलो, असं तिला त्या घडीला वाटलं, आणि नवल म्हणजे त्याचं फारसं दुःखही वाटलं नाही.

गिरिजा मात्र पुढं आली नाही. लांब उभी राहून शांतक्काचं बोलणं डोळे मिटून ऐकत होती. मग हळूच जवळ आली आणि खाली वाकून पायाला हात लावला.

"अगं, उठ. मला कशाला?"

"अक्का, आणि थोडं बोला की. कायबी बोला."

"का गं?"

"माझ्या आईचा आवाज अगदी असाच हाय." गिरिजाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा हसरा होता. "ती घास देताना बोलत्या ना, ते असंच. तुम्ही बोलला की ती बोलल्यागत वाटतंय."

शांतक्काचं हसू जागच्या जागी राहिलं. नुसतं राहिलं; आतून काहीतरी निघून गेल्यासारखं.

"छबूचा?" ती पुटपुटली. "छबूचा आवाज असा?"

परतीच्या रिक्षातून फाटकाशी उतरल्यावर ती कठड्याला धरून उभी राहिली.

"पद्मा, ती पोर छबूची. छबू माझी मैत्रीण. एका गल्लीतल्या आम्ही. माझं लग्न झालं, अथणीला गेले, आणि वर्साच्या आत छबू गेल्याचं कळलं. तिचा आवाज..." तिनं मान हलवली. "तिचा आवाज फाटका होता गं. फुटक्या पिपाणीगत. बोलायला लागली की कोंबड्या पळायच्या. आणि आता तिच्या लेकीच्या डोसक्यात ती माझ्या आवाजात बोलत्या. मी माझ्या मैत्रिणीचं तोंड मिटवलं, पद्मा. तिच्या जागी मीच जाऊन बसले."

पद्मजानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"अकरा लाखांत नेतो म्हणाले. अकरा लाख घरांत मी अशीच कुणाकुणाच्या आईच्या जागी बसायची काय?" शांतक्कानं पदरानं तोंड पुसलं. "नको. ऐकायची तर मला शांता म्हणून ऐका. न्हाईतर नका ऐकू."

शुक्रवारी दोघी मिळून सांगलीला गेल्या. कराराचा कागद काचेच्या मेजावर उजळून आला होता, सहीची जागा पिवळी.

"पीठ वाईट नाही तुमचं," पद्मजा म्हणाली. "उद्या ते मला खरंच आवडलं तर मी माझ्या नावानं, जाग्या माणसाला सांगेन, आणि त्याचं काही घेणार नाही. आमच्याकडं हळद दळताना यजमानाचं नाव घेतात. मी तुमचं घेतलं ते त्याच भरात. पण तो यजमान समोर बसलेला असतो. त्याचं नाव आलं की बायका हसतात, तो लाजतो, सगळ्यांना ठाऊक असतं की हळद कुणाची. तुम्ही मला जे मागताय त्यात यजमान अंधारात बसतो आणि नाव माझ्या तोंडून आत जातं. वाचणाऱ्यानं माझ्यासाठी दार उघडलेलं असतं. त्या दारातून मी दुसऱ्याला आत घेणार नाही."

"मानधनाचा आकडा वाढवायची परवानगी आहे मला," अनघा म्हणाली. तिला तसं म्हणणं भाग होतं, आणि ते तिनं कागदावरचं वाचावं तसं म्हटलं.

"बाळ, आकडा नको," शांतक्का म्हणाली. "तुझा तो तक्ता दाखव. तीन आठवड्यांतले किती दिवस राहिले?"

"तीन."

"मग आम्हाला निघू दे."

अनघा त्यांना दारापर्यंत पोचवायला आली. दोघी चपला घालत असताना ती म्हणाली, "चाचणीच्या अहवालात मी गिरिजाताईंचं सगळं लिहिणार आहे. नाव न घेता. असं पुन्हा कुणावर करू नये, असंही लिहिणार आहे. छापतील की नाही माहीत नाही. पण अहवालावर सही माझी आहे, आणि ती मला करायचीय."

शनिवारी सकाळी कंपनीची गाडी येऊन शेडवरचे डूल घेऊन गेली. बायका चिडल्या. का चिडू नये? फुकटचा डूल, वर नाडी बघणारा.

"तुमच्या तत्त्वापायी आमचे कान उघडे पडले," रेश्मा म्हणाली. "आता काय ऐकायचं, मुकादमाच्या शिव्या?"

"अक्का येतील दर गुरुवारी," पद्मजा म्हणाली. "समोर बसून वाचतील. आवडलं नाही तर तोंडावर सांगायचं. आणि नाडीचं मी तालुक्याच्या दवाखान्यात बोलून आलेय. महिन्यातून एकदा नर्सबाई शेडवर येतील." पुस्तकाचंही तिनं ठरवून टाकलं होतं. मिरजेचा एक लहान प्रकाशक कागदावर काढायला तयार होता. पाचशे प्रती. सहा वर्षांच्या कादंबरीला पाचशे प्रती! मनात आकडा आला की अजून टोचायचं. टोचू दे, असं म्हणून ती पुढं जायची.

मग दोघींनी बायकांना गोलात बसवलं आणि पद्मजानं सगळं कबूल केलं. उंबरा काय, चिठ्ठी काय, त्या दोन ओळी कुणी लिहिल्या, का लिहिल्या. शांतक्कानं त्या ओळी पुन्हा म्हटल्या, आता नुसत्या तोंडानं, आणि प्रत्येक वेळी मागं जोडलं, "हे पद्मानं लिहिलं, मी म्हटलं, तुमच्या आईनं न्हाई." बायका गलका करत होत्या. रेश्मा तर भडकली, मग आठवून आठवून म्हणाली, "खरंच की! अम्मी तर गिरणीतनं दळून आणायची. पिशवीचं पीठ बघितलं असतं तर तिनं आम्हालाच दळलं असतं!" आणि हशा पिकला.

गिरिजा हसली नाही. ती उठून शेडच्या मागं गेली, जिथं रिकामी क्रेट रचलेली असतात. दोघी तिच्यामागं गेल्या.

"का सांगितलं?" ती म्हणाली. पाठ फिरवूनच. "राहू द्यायचं हुतं की. त्यात कुणाचं काय नुकसान हुतं? चाळीस वर्सांत एकदा आई दिसली."

शांतक्का क्रेटवर बसली.

"गिरिजा, ती बाई तुझी आई नव्हती. ती मी होते. तुझी आई मला म्हाईत हाय."

गिरिजा हळूहळू वळली.

"तुला कुणी सांगितलं न्हाई. विषय निघाला की पोरीच्या डोळ्यात पाणी येईल म्हणून सगळ्या गावानं तोंड मिटलं. मीबी. माया म्हणून मिटलं, आणि त्या मायेनं तुझ्याकडं कायबी ठेवलं न्हाई. आता सांगते. ही मी सांगते, शांता, तिची मैत्रीण. ध्यानात ठेव. हे तुला आठवत न्हाई, हे शांतानं सांगितलेलं हाय."

"सांगा."

"पयलं म्हणजे छबूला भाकरी येत नव्हती."

"म्हंजे?"

"अजिबात न्हाई. पापड व्हायचा. नकाशे व्हायचे. तुझ्या आजीनं कपाळ बडवून घेतलं. फुगा बिगा काय न्हाई. आवाज फाटका. चालणं असं, ढेंगा टाकत. आणि शिट्टी वाजवायची."

"शिट्टी?"

"दोन बोटं तोंडात घालून. पोरासोरांसारखी. बाईच्या जातीनं शिट्टी मारायची न्हाई, म्हणून मार खायची आणि परत मारायची. नदीवर धुणं धुताना ह्या काठावरनं मारली की त्या काठावरची म्हसरं माना वर करायची. माझ्या लग्नाची वरात निघाली ना, तेव्हा मी गाडीत रडत होते. तर कुंभारवाड्याच्या कोपऱ्यावरनं एक शिट्टी. सगळं वऱ्हाड दचकलं. मला म्हाईत, कोण ती. मग मी रडायची थांबले."

गिरिजा बघत होती. डोळे भरले होते, पण आता ती कशाकडं तरी बघत होती, मिटून ऐकत नव्हती.

"तुझ्या येळी पोट हे एवढं झालं म्हणे. मला पत्र लिवलं, दोन ओळींचं. शुद्धलेखन विचारू नको. 'शांते, पोरगी झाली तर तिला शिट्टी शिकवणार. घरचे गेले उडत.'"

"पत्र हाय?"

"न्हाई गं. अथणीच्या घरात राहिलं, गेलं. माझ्या शब्दावरच घ्यावं लागंल."

गिरिजानं मान हलवली. शेडमधून पट्टा सुरू झाल्याचा आवाज आला, मुकादमाची हाक आली, कुणीच हललं नाही. मग गिरिजानं हात पदराला पुसले. दोन बोटं तोंडात घातली. अवघडून, कशी घालतात ते न कळून.

फुस्स झालं. नुसती हवा, वर थोडी थुंकी.

"अशी न्हाई," शांतक्का म्हणाली. "जीभ मागं दुमडायची, असं काहीतरी ती करायची. मला कधी जमली न्हाई."

गिरिजानं पुन्हा फुंकलं. पुन्हा फुस्स. पद्मजाला हसू आलं, शांतक्काला आलं, आणि गिरिजा, डोळे पुसत पुसत, तीही हसली.

"येईल हळूहळू," ती म्हणाली. "तिलाबी पयल्याच दिवशी आली नसंल."